पूर्वसेवा

मुलाखतीच्या सकाळी हॉस्टेलच्या इस्त्रीवाल्यापुढे रांग लागली होती, आणि त्या इस्त्रीचा काही उपयोग नाही हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलाखत आदल्या दिवशीच झाली होती. ती यांनी दिली नव्हती, यांच्या जुळ्यांनी दिली होती. तरीही फिकट निळा शर्ट कडक हवा आणि बूट चमकायला हवेत. घरात कार्य असलं की माणसं गरज नसताना ठेवणीतलं नेसतात, त्यातलाच प्रकार.

केतकी तारळेकर रांगेत सातवी होती. तिच्या मागे तिची रूममेट सानिया मुजावर जांभया देत उभी होती.

पूर्वी कंपन्या कॉलेजात यायच्या, लेखी परीक्षा घ्यायच्या, गटचर्चा घ्यायच्या आणि शेवटी कोणीतरी विचारायचं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल. मुलं पाठ केलेलं उत्तर द्यायची. निवडलेल्या तिघांतला एक वर्षाच्या आत सोडून जायचा. पूर्वसेवा आली आणि हा खेळ संपला. आता उमेदवाराने आपल्या फोनची आणि लॅपटॉपची मागच्या नव्वद दिवसांची नोंद कंपनीला द्यायची. मजकूर कोणी वाचत नसे. कोणाला किती वेळाने उत्तर दिलं, कोणाचा फोन कितव्या घंटीला उचलला, चुकलेला प्रोग्रॅम किती वेळा पुन्हा लिहिला, चिडल्यावर आवाज किती मिनिटांनी खाली आला, एवढंच यंत्र पाही. त्यातून ते माणसाचा कल बांधी. चेहरा नाही, आठवणी नाहीत, निव्वळ कल. मुलं त्याला जुळा म्हणत, मुलीचा असेल तर जुळी.

मग त्या जुळीला एका खोट्या ऑफिसात दोन वर्षं नोकरीला ठेवायचं. साहेब खोटा, सहकारी खोटे, घरही खोटं. कधी प्रोजेक्ट बुडे, कधी साहेब बदले, कधी लग्न ठरे, घरात कोणी आजारी पडे, कोणी जाई. अशी दोन वर्षं एक हजार वेळा, दर वेळी प्रसंगांची फेरफार करून. यंत्राला त्यासाठी चाळीस मिनिटं पुरत. हे भविष्य आहे असं कंपनी म्हणत नसे. हजारांपैकी किती वेळा हा माणूस टिकला, तेवढा आकडा ती काढी आणि त्याला सातत्य म्हणे. आठशेच्या खाली असलात तर विषय संपला. आणि गेल्या पाच वर्षांत खरी माणसं आपापल्या जुळ्यांच्या पावलावर पाऊल टाकून अशी काही चालली होती की शंका घेणाराच वेडा ठरावा.

हा आकडा सगळ्यात जास्त कशाने पडतो ते दुसऱ्या वर्षीच्या मुलांनाही माहीत होतं. घराने. आईचा फोन पहिल्या घंटीला उचलणारी मुलगी आईला साधा ताप आला तरी जुळीच्या रूपाने तिसऱ्याच महिन्यात रजेवर जाई, आणि सहाव्यात राजीनामा देई. त्यावर वरच्या वर्गातल्या मुलांनी तोड काढली होती, तिचं नाव अबोला. कॅम्पसच्या आधी नव्वद दिवस घरी बोलायचं नाही. आला तरी फोन घ्यायचा नाही. प्लेसमेंटचं काम पाहणारे कुलथे सर या अबोल्याबद्दल उघड काही बोलत नसत. पण ऑगस्टमध्ये ते पालकांची सभा घेत आणि सांगत, की तुमच्याकडून या दिवसांत मुलांना शांतता मिळाली तर बरं.

त्या सभेला केतकीचे पप्पा विट्याहून आले होते. हणमंत तारळेकरांचं विट्यात मोटारी भरायचं दुकान होतं. जळलेल्या पंपातली जुनी तार काढायची, नवी वेढे मोजून भरायची, व्हार्निश लावायचं, वाळवायचं. तांब्याच्या तारेने कापलेली बोटं शर्टाच्या बाहीत लपवत ते सभेत दुसऱ्या रांगेत बसले होते आणि सर जे म्हणतील ते वहीत उतरवून घेत होते. उमेदवाराच्या घरची दुखणी, मरणंसुद्धा रिपोर्टात येतात, हेही त्यांनी लिहून घेतलं. परत जाताना एसटी स्टँडवर ते केतकीला म्हणाले, "दहावीला घरचं इंटरनेट बंद केलं होतं का नाही? आता मला बंद कर."

ती हसली. दर रविवारी त्यांनी एक शब्द पाठवायचा, ठीक, एवढं ठरलं. तिने उत्तर द्यायचं नाही.

केतकी चिवट होती. पहिला आठवडा जड गेला, दुसरा त्याहून जड. नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचं तिला थोडं वाईट वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. सानियाला मात्र दोन दिवसही जमलं नाही. ती अम्मीशी रोज अर्धा तास बोलायची आणि म्हणायची की माझी जुळी पहिल्या पगाराच्या आधीच मिरजेला पळून जाणार, तिला तिकिटाचे पैसे मीच देणार आहे.

एकसष्टाव्या दिवशी, बुधवारी, अकरा चाळीसला पप्पांचा फोन आला. दोघी लायब्ररीत होत्या. फोन टेबलावर थरथरत राहिला. सानियाने तो केतकीकडे सरकवला. उचल की, म्हणाली. केतकीने मान हलवली. घंटी पूर्ण वाजली आणि थांबली. पाच मिनिटांनी संदेश आला, चुकून लागला. केतकीने अंगठा पाठवला आणि पुस्तकाचं पान उलटलं. सानिया काही वेळ तिच्याकडे पाहत होती. मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, "तुझं होणार गं. नक्की होणार."

झालंही. सानियाचा आकडा सहाशे चाळीस आला. अर्कवेध सिस्टिम्सच्या यादीत कॉलेजातली अकरा नावं होती, त्यांतलं चौथं केतकीचं.

मुलाखत म्हणून जी दहा मिनिटं उरली होती ती रिपोर्ट ऐकून सही करण्यापुरती. समोर निनाद बर्वे नावाचे चाळिशीतले गृहस्थ होते. दिवसभर तेच तेच वाचून दाखवून त्यांचा आवाज सपाट झाला होता. सातत्य आठशे एकसष्ट, ते म्हणाले, अभिनंदन. मग पानं उलटत त्यांनी तिच्या दोन वर्षांचा आढावा घेतला. साहेब बदलल्यावर ती नाराज होते, पण काम सोडत नाही. लग्न ठरलं तर तारीख प्रोजेक्टनंतरची घेते. दोनशे बारा वेळा या दोन वर्षांत तिचे वडील वारले. त्यांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव वेळा ती चौथ्या दिवशी कामावर हजर झाली.

केतकीने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं.

"आणि उरलेल्या चौदा वेळा?"

"दहा दिवस थांबलात. त्या चौदाही वेळा पुढे नोकरी सोडलीत. पण चौदा म्हणजे काहीच नाही."

मग कौतुकाने दाखवावा तसा त्यांनी एक आलेख तिच्यापुढे केला. साठाव्या दिवसापर्यंत तिचा आकडा सातशे बेचाळीस होता. एकसष्टाव्या दिवशी तो एकदम चढला होता. वडिलांचा अवेळी आलेला एक फोन, न उचललेला. नंतर परत फोन नाही. नव्वद दिवसांत सर्वाधिक वजन त्याच नोंदीला मिळालं होतं.

ती म्हणाली की ते खरं वागणं नव्हतं. ते मुद्दाम होतं, चाचणीसाठी. तिचा आवाज चढला नाही, पण कान तापले होते.

"अबोला," बर्वे म्हणाले. "आम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. धरतात सगळेच, पण सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमतो ते आम्हाला हवे असतात."

तिने सही केली.

बाहेर येऊन तिने पहिला फोन पप्पांना लावला. आईने उचलला. नोकरी लागली हे ऐकून ती रडली, आणि केतकीला वाटलं आनंदाने. घरी ये, आई म्हणाली, आजच निघ.

ती पेढे घेऊन विट्याला उतरली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतल्या खोलीत पप्पा कॉटवर होते आणि त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. उशीला टेकून त्यांनी पेढ्याचा कण जिभेवर ठेवला, गिळला नाही.

स्वयंपाकघरात आईने सगळं सांगितलं. सप्टेंबरात पाठीत दुखायला लागलं. मग कावीळ. मग सांगलीच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं, आणि फार दिवस नाहीत असं स्पष्टच सांगितलं. तो बुधवार होता. दवाखान्याच्या जिन्यात पप्पांनी फोन काढून केतकीला लावला. आई म्हणाली होती, नका हो, एक महिनाच राहिलाय तिचा. ते म्हणाले, आवाज ऐकतो फक्त. घंटी वाजून थांबल्यावर त्यांनी स्वतःच लिहिलं, चुकून लागला. आणि तिचा अंगठा आला तेव्हा आईला दाखवून म्हणाले, बघ, पोरगी पक्की आहे.

काकाला माहीत होतं. शेजारच्या किराणावाल्याला माहीत होतं. मोटारी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की पोरीपर्यंत जाऊ देऊ नका, तिची परीक्षा आहे. महिनाभर अख्ख्या गल्लीने अबोला पाळला होता. केतकी ओट्याला टेकून उभी राहिली. आईवर चिडावं तर कशासाठी, हे तिला शोधूनही सापडेना. तिने स्वतः जे मागितलं होतं तेच सगळ्यांनी तिला भरभरून दिलं होतं.

दोन दिवसांनी पप्पांनी रिपोर्ट मागितला. दहावीचा निकाल मागितला होता तसाच. वाचून दाखव म्हणाले, सगळा. ती साहेबांचं वाचत गेली, प्रोजेक्टचं वाचत गेली, लग्नाच्या तारखेपाशी ते हसले. मग पान उलटताना तिचा हात थबकला आणि ते त्यांनी पाहिलं.

"बापाचा रकाना असतो म्हणाले होते सर. किती वेळा मेलो?"

"दोनशे बारा."

त्यांना हसू आलं, हसताना कळ आली, ती ओसरल्यावर त्यांनी विचारलं,

"आणि तू?"

खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण त्यांना खोटं सांगायची आता तिला भीती वाटत होती.

"चौथ्या दिवशी कामावर."

ते वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. तो त्यांनीच भरलेला होता, जरासा डुगडुगत असे. कामाची आहे, ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, झोप लागली असं वाटत असताना, डोळे मिटूनच म्हणाले, "त्या जुळीला सांग, दहावं उरकून जा. चार दिवसांत काय होतंय? व्हार्निशसुद्धा वाळत नाही नीट."

ती घरी आल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, दुपारी, ते गेले. अग्नी केतकीने दिला. तिचं रुजू होण्याआधीचं ट्रेनिंग घरूनच सुरू झालं होतं, त्यामुळे कंपनीला कळवणं भाग होतं. तिने दोन ओळी लिहिल्या. सांत्वनाचं पत्र लगेच आलं, आणि त्याखाली रजेचा तक्ता भरूनच आला होता. आपल्या पूर्वसेवेनुसार रजा चार दिवस. वेगळी रजा हवी असल्यास विचलनाचा अर्ज करावा. अर्ज नामंजूर झाल्यास, किंवा न करता गैरहजर राहिल्यास, नियुक्ती रद्द समजावी.

रक्षाविसर्जन झालं त्या संध्याकाळी तिने अर्ज भरला. दहा दिवस. कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं, वडिलांनी सांगितलं आहे.

आपल्या जुळीने चौदा वेळा हेच केलं होतं, तेव्हा यंत्राला अर्ज नवा वाटणार नाही असा तिचा हिशोब होता. चौदांतली एक व्हायची तिची तयारी होती. पुढे नोकरी सुटेल तेव्हा सुटेल. पण उत्तर आलं ते वेगळंच. आपल्या पूर्वसेवेत अशी नोंद आढळत नाही, अर्ज माणसाकडे पाठवला आहे.

तिला उलगडा झाला नाही. सकाळी बर्वेंचा फोन आला तेव्हा झाला.

त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, आणि ते खरं वाटलं. मग ते म्हणाले की त्यांनी त्या चौदा वेळांचे तपशील काढून पाहिले. त्या चौदाही वेळा तिने वडिलांचा फोन उचलला होता, नाहीतर तासाभरात परत लावला होता. दुखणं तिला आधीच कळलं होतं, ती आधीच घरी येऊन राहिली होती. ज्या वेळी फोन उचलला नाही, त्या प्रत्येक वेळी ती चौथ्या दिवशी परतली होती. फोन न उचलणारी आणि तरीही दहा दिवस थांबणारी केतकी हजारांत एकदाही नव्हती.

"मला खरंच समजून घ्यायचंय," ते म्हणाले. "तुम्ही फोन उचलला नव्हता. मग आता थांबताय कशासाठी?"

"म्हणूनच," केतकी म्हणाली.

बर्वे हळू बोलले. अशा कारणासाठी अर्जात रकाना नाही. नियमाने निर्णय त्यांच्या हातात आहे, ते मंजूर करू शकतात. पण दरसाल त्यांचीही चाचणी होते, त्यांचाही जुळा आहे. "आणि त्याने," ते म्हणाले, "असा अर्ज आजवर एकदाही मंजूर केलेला नाही."

त्यांनी तिला दुपारी दोनपर्यंतचा वेळ दिला. दोनपर्यंत लॉगिन केलं तर अर्ज आलाच नव्हता असं धरू, म्हणाले. माणूस म्हणून त्यांना तेवढंच करता येत होतं.

आई दारातच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने लॅपटॉप आणून केतकीपुढे ठेवला. केतकीने तो उघडला नाही.

"पप्पांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"ते त्या मशीनमधल्या पोरीला सांगितलं होतं," आई म्हणाली. "तुला नाही. तुझ्याबद्दल काय सांगितलं ते मला माहीत आहे. दवाखान्याच्या जिन्यात बसून सांगितलंय, नोकरी लागेपर्यंत पोरीला काही कळू द्यायचं नाही. गोळी घेतली की झोप येते, झोपेत तोंडातून काही गेलं आणि नेमका तुझा फोन आला तर, म्हणून गोळी घेत नव्हते. मग एवढं दुखणं कशासाठी गिळलं त्यांनी?"

नोकरीवर जावं तर यंत्राने सांगितलेली केतकी खरी ठरत होती. न जावं तर पप्पांनी दातांखाली धरलेली प्रत्येक कळ फुकट जात होती. दुसऱ्या कुणाला ही निवड सोपी वाटली असती. केतकी भिंतीशी बसून राहिली. आई समोर बसली. अडीच वाजता आईने लॅपटॉप उचलला, पुसला आणि कपाटात ठेवून दिला. चार वाजता नियुक्ती रद्द झाल्याचं पत्र आलं.

"कुणाला बोलू नकोस," आई म्हणाली. "तेरावं होईपर्यंत तरी."

दहाव्या दिवशी सगळे येरळेच्या काठी गेले. पाणी कमी होतं, ऊन चढत होतं. गुरुजींनी पिंड मांडले आणि माणसं मागे सरून उभी राहिली. बाभळीवर पाच-सहा कावळे होते. ते पाहत होते, उतरत नव्हते.

काकाने पुढे होऊन सांगितलं की दुकान बंद पडू देणार नाही. कावळे हलले नाहीत. दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकाने सांगितलं की वहिनींना काही कमी पडू देणार नाही. एक कावळा फांदी बदलून बसला. लोकांत कुजबुज सुरू झाली. काका केतकीकडे वळला. अगं, तुझ्यातच जीव होता त्याचा, म्हणाला, नोकरीचं बोल, नोकरीचं सांग त्याला.

केतकी पिंडापाशी गेली. हात जोडले. सगळे तिच्या बोलण्याची वाट पाहत होते आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. खोटं बोलायची वेळ एकदा येऊन गेली होती, तेव्हाही जमलं नव्हतं.

मागून आई आली. तिने केतकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगी उद्या कामावर हजर होतेय हो. मोठ्या कंपनीत. तुमच्या मनासारखं झालं सगळं. आता काळजी करू नका."

माणसं बाभळीकडे पाहू लागली. केतकीही पाहू लागली. ऊन डोळ्यांवर आलं. एक कावळा उडाला, आणि सगळ्यांनी श्वास धरला, पण तो नदीच्या पलीकडे गेला. पाठोपाठ बाकीचेही गेले. बाभूळ मोकळी झाली.

अर्धा तास गेला. कुणाला बस गाठायची होती, पोरं भुकेली झाली होती. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाच्या काड्या घेतल्या, सवयीच्या बोटांनी वळल्या, एक गाठ मारली. त्याला चोच म्हणावं असं एक टोक ठेवलं. मग वाकून तो दर्भाचा कावळा त्यांनी पिंडाला टेकवला.

"शिवला," ते म्हणाले.

सगळे पाय धुवायला पाण्याकडे वळले.